उंदराची फांदी

१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुला फोन केला की तू तीनदा "काय?" विचारतेस आणि चौथ्यांदा "बरं बरं" म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहायला बसले. कागदावर तरी तुला मधेच ठेवून देता येणार नाही.

काल तुमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंचा निरोप आला. बाबांच्या मेंदूच्या काचपट्ट्या तयार झाल्यात. तुला आठवतं ना, आजार नुकता कळला होता तेव्हा बाबांनी मेंदूदानाच्या कागदावर स्वतःच सही केली होती. सही करताना म्हणाले होते, "फर्निचर मोडीत निघालं की कीड कुठवर गेली होती ते बघून घ्या." डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना. आईने मात्र तेव्हाच पदराने डोळे पुसले होते.

आता माझं मागणं. मला बाबांची एक पेशी हवी आहे. एकच. तू तिचं चित्र काढ, मी लाकडात कोरते. तू सगळी नोकरी त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी काढण्यात घालवलीस, आणि मी तुझ्याच चित्रांवरून लाकडात पेशी कोरायला शिकले. बाई म्हणाल्या, फोटो पाठवू का? मी नको म्हटलं. फोटोत एकच पातळी दिसते, बाकी सगळं धुकं. तुझ्यासारखं पातळीमागून पातळी उतरून कोण काढणार?

लाकडाचं ठरलं आहे. बाबांनी कारखान्याच्या कोपऱ्यात सुकवत ठेवलेला अक्रोडाचा ओंडका आहे ना, "काहीतरी तोलामोलाचं आलं की काढू" म्हणत ज्याला हात लावू दिला नाही, तोच. त्यांच्या हयातीत तोलामोलाचं काही आलं नाही. आता आलं आहे.

आत्या, मी बाबांना इतकी वर्षं बाहेरून बघितलं. शेवटी शेवटी ते मला "अहो बाई" म्हणायचे. हातात फळी दिली की दिवसभर रंधा मारायचे, फळी संपेपर्यंत. मग समोर नुसत्या पातळ सालींचा ढीग, आणि मलाच विचारायचे, "अहो बाई, माझी फळी कोणी नेली?" त्यांच्या आत तेव्हा काय उरलं होतं, ते मला बघायचं आहे. म्हणून एकच अट. जशी आहे तशी काढ. मोडकी असेल तर मोडकी काढ. मला चालेल.

तुझी,
ढलपी

९ मार्च

चि. ढलपीस,

आशीर्वाद. अनेक लिहायची पद्धत आहे, पण एकच देते, जरा भक्कम.

तुझं पत्र वाचलं. "काय?" तीनदा विचारते कारण तू तोंडात खिळे धरून बोलतेस. सुतारांची ही खोड दादालाही होती.

आणि अटी मला घालू नकोस. तुझी पहिली पेशी आठवते का? मी तुला शिकायला म्हणून उंदराच्या पेशीचं चित्र दिलं होतं. तू ती छान कोरलीस आणि मग पॉलिश पेपर घेऊन बसलीस. फांद्यांवरचे सगळे काटे घासून गुळगुळीत केलेस आणि मला ऐटीत सांगितलंस, "आत्या, सगळा कचरा काढला!" कचरा! अगं, एक पेशी दुसरीशी बोलते ती त्या काट्यांतून. तू बिचाऱ्या उंदराला मुका करून टाकलंस. मग पुन्हा एकेक काटा बसवायला लावला तेव्हा रडलीस. अशा पोरीने मला "जशी आहे तशी काढ" म्हणून शिकवावं, म्हणजे काय बोलावं.

असो. प्रयोगशाळेत जाऊन आले. माझी जुनी खुर्ची अजून तिथेच आहे, खिडकीजवळ, एक पाय आखूड असलेली. बाईंनी काचपट्टी दिली. बसले. बघितलं.

दादा मला शाळेत असताना पेन्सिलींना टोकं करून द्यायचा. शार्पनरने नाही, पटाशीने. वर्गात माझ्यासारखी टोकं कुणाचीच नसायची. परवा तिथे बसल्यावर ते आठवलं आणि हातातली पेन्सिल फार बोथट वाटली.

सोबत पहिले कागद पाठवते आहे. प्रत्येक कागद म्हणजे एक पातळी, तुला सांगायला नकोच. कोपऱ्यातल्या फुल्या एकमेकींवर आणून लाव. पुढचे कागद होतील तसे पाठवीन. घाई करू नकोस आणि मला घाई करायला लावू नकोस.

वहिनींना नमस्कार. गुडघे तसेच आहेत.

तुझी आत्या

२८ मार्च

प्रिय आत्या,

कागद मिळाले. मी ते खिडकीच्या काचेवर एकावर एक चिकटवले आणि बाहेरचं ऊन त्यांतून आत आलं. किती भरलेली आहे गं! मला वाटलं होतं, एखादं वठलेलं खोड येईल. मी मनाची तयारीही केली होती. आणि इथे बघते तर फांदीला फांदी, फांदीवर काटे, इतके की मोजायचं नावच नको. बाबांच्या डोक्यात हे सगळं होतं? फळी शोधत होते तेव्हाही?

तुला खरं सांगू, मला फार बरं वाटलं. आता मला वाटतं, "अहो बाई" म्हणताना ते थोडी चेष्टाच करत असतील. त्यांची चेष्टा अशीच असायची, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. कदाचित ओळखत होते, फक्त नाव जिभेवर येत नव्हतं. कदाचित दुपारी मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसून काम करायचे ते त्यांना कळत असेल.

आईचं मात्र उलटं झालं. ती कागदांसमोर बराच वेळ उभी राहिली. मी सांगत होते, बघ, ही फांदी बघ, हे काटे बघ, हे सगळं शाबूत होतं. ती म्हणाली, "म्हणजे ह्यांना कळत होतं." एवढंच. मग बाबांच्या खोलीत जाऊन बसली. रस्त्यावर निघून जातात म्हणून त्या खोलीला आम्ही बाहेरून कडी लावायचो ना, त्या कडीकडे बघत बसली. मी म्हटलं, आई, चहा घे. तर म्हणते, "कडी लावताना मी काय काय बोलायचे गं त्यांच्या देखत."

ती सावरेल. तू एकदा तिच्याशी बोल. तू जाणती आहेस या बाबतीत, तुझं ऐकेल.

ओंडका फाडून फळ्या केल्या. आतून रंग असा निघाला आहे की बाबांनी उगीच नव्हता लपवून ठेवला.

तुझी,
ढलपी

६ एप्रिल

चि. ढलपीस,

आशीर्वाद.

उरलेले सगळे कागद सोबत आहेत. आता माझ्याकडे काही नाही.

वहिनींना सांग, एका पेशीवरून माणूस ठरत नाही. मेंदूत पेशी अगणित. एक धडधाकट निघाली म्हणून सगळ्या तशा होत्या असं नाही. त्यांनी कडीचा विचार करू नये. कडी नसती तर दादा कुठल्यातरी गाडीखाली गेला असता. मी फोन करणार होते, पण मला ऐकू येत नाही आणि त्यांना बोलवत नाही, मग फोनवर नुसतं श्वास घेत बसायचं का?

तूही फार अर्थ लावत बसू नकोस. लाकूड चांगलं निघालं आहे ना? मग कोर. काटे नीट बसव. दादाच्या हाताखाली शिकलेली आहेस, त्याला शोभेल असं कर.

तुझी आत्या

३० मे

प्रिय आत्या,

हे पत्र लिहू की नको असं करत आठवडा घालवला. आई म्हणाली, मनात ठेवून कुजवण्यापेक्षा विचार. म्हणून विचारते. आधीच सांगते, राग मानू नकोस.

माझी ती उंदराची पेशी अजून कारखान्याच्या दाराशी टांगलेली आहे. म्हणजे टांगली होती कलाकृती म्हणून, पण हल्ली तिच्यावर मी ॲप्रन अडकवते. परवा बाबांच्या पेशीची डावीकडची मोठी फांदी गोल करत होते. पटाशी चालली होती आणि माझा हात आपोआप वळला. पुढे काय येणार ते मला कागद न बघता कळलं. आता दुभागेल, मग गुडघ्यासारखा बाक येईल, आणि बाकाखाली एक आखूड काडी निघेल. कागद बघितला. तसंच होतं.

मी ॲप्रन काढून फेकला, उंदीर खाली उतरवला आणि दोन्ही फांद्या शेजारी शेजारी धरल्या. तोच दुभागा. तोच बाक. तीच काडी, आणि काडीवरचे काटेसुद्धा त्याच बाजूला जास्त.

तूच मला शिकवलंस की दोन पेशींची एक फांदीसुद्धा सारखी नसते. जुळ्या भावांच्याही नसतात, म्हणायचीस.

तुझ्याकडे जुन्या कागदांचे गठ्ठे आहेत, मला माहीत आहे. पलंगाखाली, कपाटावर, जिथे तिथे. त्यातला एखादा कागद यात मिसळला का? चुकून होतं. तसं असेल तर सांग, एवढी फांदी मी कापून काढते आणि तू खरा कागद पाठव. लाकूड वाया गेलं तरी मी काही बोलणार नाही. फक्त हो किंवा नाही एवढं लिही.

ढलपी

५ जून

चि. ढलपीस,

नाही.

तू एका शब्दात मागितलंस, एका शब्दात दिलं. आता थोडं जास्तीचं ऐक. या हाताने मी किती पेशी काढल्या त्याचा हिशेब प्रयोगशाळेलाही ठेवता आला नाही. मोठमोठे लोक माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघायचे. माझ्या रेषेवर आजवर कुणी बोट ठेवलं नाही. आणि ज्या पोरीला मी पेशीला तोंड कुठे आणि शेपूट कुठे ते शिकवलं, ती मला विचारते की तुझे कागद मिसळले का.

तू सुतार आहेस. तुला सगळीकडे सांधा दिसतो. त्या उंदराची फांदी माझ्याच हातची, ही फांदीही माझ्याच हातची. एका हाताची वळणं थोडीफार सारखी येणारच. तुझ्या खुर्च्यांचे पाय सारखे नसतात का?

ही दादाची पेशी आहे. माझ्या भावाची. मी ती बघितली आहे. माझा भाऊ मला ओळखू येणार नाही, असं तुला वाटतं का?

आत्या

२० ऑगस्ट

प्रिय आत्या,

तू अजून रागावलेली असशील. मी दोन महिने लाजेने लिहिलं नाही. तुझं ते "माझा भाऊ मला ओळखू येणार नाही का" वाचलं आणि पत्र घेऊन मी अंगणातल्या नळाखाली तोंड धुतलं. माझंच चुकलं. इतकी वर्षं तुझ्या हातावर जगले आणि एका फांदीवरून तुझ्या हातावर संशय घेतला. नाक घासते, हवं तर पॉलिश पेपरवर.

पेशी झाली. कारखान्याच्या मधोमध उभी आहे, दाराएवढी उंच. ऊन सरकतं तशी तिची सावली भिंतीवर चालते. काटे बसवताना बोटांची पेरं फुटली, रोज तेल लावून झोपते. प्रत्येक काटा वेगळा घडवला, वेगळा बसवला. प्रत्येक काट्याला मला वाटायचं, हा कशाचा असेल? हा मी शाळेत पहिली आले तेव्हाचा असेल का? हा आईच्या आवाजाचा असेल का? तू हसशील. असं काही नसतं, मला माहीत आहे. तरी असं वाटून घेत कोरत गेले म्हणून तर झाली.

आई अजून तिच्याजवळ येत नाही. दारातून बघते आणि जाते. रात्री नीट झोपत नाही. मी म्हणते, तिला वेळ लागेल.

रविवारी प्रयोगशाळेतल्या बाई बघायला येणार आहेत. तुमच्या संस्थेच्या नव्या दालनात ती मांडायची त्यांच्या मनात आहे. त्यांच्याबरोबर तू पण ये ना. त्यांची गाडी आहे, गुडघ्यांना त्रास होणार नाही. बाबा आजारी होते तेव्हा तुला यायला जमलं नाही. या वेळी तरी ये गं.

तुझी,
ढलपी

२३ ऑगस्ट

चि. ढलपीस,

घाईने लिहिते आहे. शेजारच्यांचा मुलगा तुमच्या बाजूला निघाला आहे, त्याच्या हाती देते म्हणजे लवकर पोचेल.

बाईंना एवढ्यात बोलावू नकोस. आधी मला बघू दे. काम अपुरं असताना बाहेरच्या माणसाला दाखवू नये, हे दादाही म्हणायचा. त्यांना सांग, पॉलिश वाळलेलं नाही. मी पुढच्या महिन्यात येते, नक्की येते, मग आपण दोघी ठरवू काय ते.

आणि ती संस्थेला कशाला द्यायची? घरची वस्तू घरात बरी.

तुझी आत्या

१ सप्टेंबर

आत्या,

तुझी चिठ्ठी बाई येऊन गेल्यावर मिळाली. आधी मिळाली असती तरी मी ऐकलं नसतं, कारण मला कळलंच नसतं की तू का घाबरली आहेस.

बाई आल्या. पेशीभोवती हळूहळू फिरल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मी बघितलं. मला इतका अभिमान वाटला. मग त्यांनी अगदी सहज, कौतुकाने विचारलं, "सुंदर आहे. ही कुणाची हो?"

मी म्हटलं, "बाबांची."

आई चहा घेऊन आली होती, त्यांनी तिच्याकडे बघितलं, पुन्हा पेशीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला आत्यांनी सांगितलं नाही का?"

मग त्यांनी सांगितलं. बाबांच्या काचपट्टीवर अशी पेशी नाहीच. ज्या आहेत त्यांना एखाददुसरा खुंट आहे, काटे जवळजवळ नाहीत. तू त्या दिवशी काचेला डोळा लावलास, थोड्या वेळाने काचपट्टी परत केलीस, आणि जुन्या चित्रांचा संग्रह मागितलास. उंदरांचा. पुन्हा म्हणून तिकडे गेली नाहीस. बाईंना वाटलं, तुला काही वेगळंच काम करायचं असेल. त्या शहाण्या आहेत, लगेच चहाचं कौतुक करायला लागल्या.

मी तुला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं, तुला वाट करून देऊन विचारलं होतं. चुकून मिसळला का, एवढं जरी तू हो म्हणाली असतीस तरी मी मानलं असतं. तू "नाही" लिहिलंस. वर मला माझी जागा दाखवलीस. मी माफी मागितली, आत्या! तू खोटं बोललीस आणि माफी मी मागितली. आणि ती तू ठेवून घेतलीस.

माझ्या बाबांच्या अंगावर उंदराच्या फांद्या लावल्यास. मी वेड्यासारखी उंदराच्या काट्यांमध्ये माझी शाळा शोधत बसले. तुला हसू आलं का गं वाचून?

बाबांचा ओंडका गेला. तो पुन्हा येणार नाही. आणि आईची इतक्या महिन्यांची झोप गेली. तुला मी लिहिलं होतं ती कडीकडे बघत बसते म्हणून. ते वाचून तू काय केलंस? उरलेले कागद पाठवलेस.

का केलंस ते लिही. नसेल लिहायचं तर तसं लिही. पण आता खोटं लिहू नकोस.

१२ सप्टेंबर

चि. ढलपीस,

आशीर्वाद द्यायचा मला अधिकार उरला आहे की नाही, माहीत नाही. सवयीने दिला.

खरं लिहिते. मी काचेला डोळा लावला. फोकस केला. आधी मला वाटलं, काचपट्टीच खराब झाली आहे, रंग नीट चढला नाही. दुसरी घेतली. तिसरी घेतली. मग कळलं की रंग चांगला चढला आहे, दादाच उरला नाही. एक सुजलेला बुंधा, त्याला दोन तुटक्या फांद्या, आणि बाकी सगळं मोकळं. मी असल्या पेशी शेकड्याने काढल्या आहेत. कधी रेष चुकली नाही. त्या कुणाच्या तरी असायच्या. ही दादाची होती. ज्याने मला टोकं करून दिली त्याची. पेन्सिल कागदाला लागेना.

आणि हे तुला पाठवायचं? तू ते मोठं करणार, दाराएवढं करणार, रोज त्याच्याकडे बघणार. म्हटलं, कशाला. पोरीने पुष्कळ बघितलं आहे. तिला एक धडधाकट बाप देऊ. कुणाचं काय बिघडतं? मी खोटं काढलं, पण वाईट काढलं नाही, हे तूही मान्य करशील.

तू फांदी ओळखशील असं मला वाटलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा हो म्हणणार होते. पण तोवर तू इतकी आनंदात होतीस. मग रागावले. राग आला की माणसाला वाटतं आपण खरे आहोत.

वहिनींचं मला मनापासून वाईट वाटतं. तो विचार मी केला नव्हता.

मी हे तुझ्यासाठी केलं, ढलपी. तुझं दुःख कमी व्हावं म्हणून. एवढं मनात ठेव. आणि ती पेशी मोडू नकोस. इतकी सुंदर झाली आहे म्हणतेस. घरात राहू दे. बाई कुणाला सांगणार नाहीत. बघणाऱ्याला काय कळणार आहे?

तुझी आत्या

२ नोव्हेंबर

आत्या,

मी तुमच्या गावाला येऊन गेले. तुझ्याकडे आले नाही. स्टेशनवरून थेट प्रयोगशाळेत गेले. बाईंनी मला तुझ्या खुर्चीवर बसवलं. मला काही दिसेना, नुसते पिवळे ठिपके. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून फोकसचा स्क्रू फिरवायला शिकवला. दुसऱ्या दिवशी थोडं दिसलं. मला तुझ्यासारखं काढता येत नाही. रेषा वाकड्या आल्या, कागदांच्या फुल्या जुळल्या नाहीत, तीनदा फाडले. पण काढलं. तू लिहिलंस तसंच आहे. सुजलेला बुंधा, दोन तुटक्या फांद्या.

घरी येऊन कोरली. ओंडक्याच्या उरलेल्या तुकड्यांतच झाली, फार लाकूड लागलंच नाही. काटे फक्त एका फांदीच्या बुडाशी आहेत, अगदी थोडे. ते मी सर्वांत शेवटी बसवले आणि त्यांना कशाचीही नावं दिली नाहीत.

आईला आधी सांगितलं, मग दाखवलं. या वेळी ती जवळ आली. हात लावून बघितला. तुटल्या टोकावरून अंगठा फिरवला. म्हणाली, "म्हणजे ह्यांना नव्हतं कळत." मी म्हटलं, नसावं. ती म्हणाली, "बरं झालं बाई." मग दुपारी झोपली ती दिवे लागायच्या वेळेला उठली. कितीतरी महिन्यांनी.

मला बरं वाटलं नाही, ते वेगळं. मी "अहो बाई" होते, शेवटपर्यंत. आता ते मला पक्कं माहीत आहे. ते मला माहीत करूनच घ्यायचं होतं. पहिल्या पत्रात तेवढंच मागितलं होतं, मोडकी असेल तर मोडकी काढ.

तू लिहिलंस, माझ्यासाठी केलं. मी त्यावर खूप विचार केला. आत्या, मी बाबांना अंघोळ घातली आहे. त्यांच्या तोंडातली साल बोटाने काढली आहे, फळीची, ते खायला लागले होते तेव्हा. मला धडधाकट बाप कुणी दाखवायची गरज नव्हती. ज्याने काहीच बघितलं नव्हतं त्याला ती गरज होती. बाबा आजारी होते तेव्हा तू आली नाहीस. आधी गुडघे, मग नोकरीतलं शेवटचं काम, मग थंडी, मग "आता मला ओळखणार तरी आहे का तो". मी कधी बोलले नाही. आईलाही बोलू दिलं नाही. म्हटलं, आत्याचं वय झालं. आता कळतं, तू तेव्हाही बघायला घाबरलीस आणि काचेखालीही घाबरलीस. ते मी समजून घेतलं असतं. तू फक्त लिहायचं होतंस, "ढलपी, मला बघवत नाही." मी स्वतः आले असते बघायला. मला येतं बघायला.

तुझ्यावर माझा जितका विश्वास होता तितका आता दुसऱ्या कुणावर बसेल असं वाटत नाही. ते मला सगळ्यांत जास्त लागलं आहे.

मोठी पेशी मोडली नाही. पेटीत घालून पाठवली आहे, पुढच्या आठवड्यात पोचेल. ट्रकवाल्याला सांगून वर चढवून घे, जड आहे. पेटीला स्क्रू मारले आहेत, हातोडी घेऊ नकोस, काटे झडतील. तुझ्या खिडकीजवळ ठेव, तिथे ऊन चांगलं येतं. तो तुझा भाऊ आहे, तुला बघवेल असा. माझे बाबा इथे आमच्याकडे आहेत.

पेटी पोचली म्हणून कळवू नकोस.